‘52 दरवाजे म्हणून बोलावलं, 3 दाखवले’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) आमच्या दरवाज्यांच्या फेरीला तुम्ही 2 स्टार दिलेत. उरलेल्यांपैकी एक तर आमच्या उशिरानेच घालवला, ते कबूल. सकाळी 7 ला भडकल गेटपाशी या म्हणून सांगितलं आणि आमचाच गाईड पावणेआठला उगवला. एप्रिलमध्ये आपल्याकडे तेवढ्या वेळात ऊन कुठल्या कुठे चढतं. सासूबाईंना शहागंजच्या घड्याळापर्यंत पोचता पोचता भोवळ आली, याचं मला फार वाईट वाटलं. अर्धे पैसे परत पाठवलेत.

52 दरवाज्यांचं म्हणाल तर आज तेवढे उभेच नाहीत. जाहिरातीत ‘बावन्न दरवाज्यांचं शहर’ लिहिलं होतं, वाचणाऱ्याचा गैरसमज होणारच. ती ओळ काढली.

‘मोडक्या भिंतींशिवाय काही नाही’ हे मात्र पटलं नाही. भडकल दरवाजा मलिक अंबरने 1612 मध्ये बांधला, मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून. शहराची तटबंदी औरंगजेबाची, 1682 ची. म्हणजे ज्या भिंतीला तुम्ही मोडकी म्हणता, ती उभी राहायच्या आधी सत्तर वर्षं हा दरवाजा तिथे होता. गाईडने एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्याला बोललोय.

पाणचक्कीवर ‘अर्धा तास पाण्याचंच पुराण’ लावलं, ते माझ्या सांगण्यावरून. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी मातीच्या नळांतून, जमिनीखालून, कुठलाही पंप नसताना येतं आणि तिथल्या उंच भिंतीच्या माथ्यावरून हौदात पडतं. त्याच पाण्यावर जातं फिरायचं, तिथल्याच दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ निघायचं. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत, म्हणून उन्हाळ्यात ते दालन गार. एवढं सांगायला अर्धा तास लागतोच, मला तर पाऊण लागतो!

महमूद दरवाज्याच्या पुलावर खाम नदीचा वास येतो, खरंय. आम्हीही नाक दाबूनच जातो. बीबी का मकबरा या फेरीत नाही, ते बुकिंग करतानाच लिहिलेलं असतं. चहाचे पैसे वेगळे घेतले, ते यापुढे नाही घेणार.

उन्हाळाभर आता 6 लाच निघतो. सासूबाईंना पुन्हा यावंसं वाटलं तर भडकल ते पाणचक्की एवढंच करू, पुढे रिक्षाने गुलमंडीला. त्या दिवशी गाईड मीच.