ताकद 86, गुणवत्ता 0

आमच्या घराण्यात प्रत्येकाला एकेक काम जन्मतःच नेमून दिलेलं आहे. दादा निर्णय घेतो, वहिनी त्यातले निम्मे रद्द करतात, काकू रुसते, आणि मी छतावर चढतो.

हे खातं माझ्याकडे दहाव्या वर्षी आलं. इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घराच्या कौलांवर दूरदर्शनची अँटेना होती आणि ती फिरवायला वजनाने हलका माणूस लागायचा. खालून दादा ओरडायचा, "आलं... आलं... गेलं! मागे घे! हां, आता हलू नकोस!" मग खाली आळीतली पंचवीस माणसं रविवारचा सिनेमा बघायची आणि मी वर दांडा धरून बसायचो. त्या काळातले बरेच सिनेमे मी पाहिलेले नाहीत, ते मला ऐकून पाठ आहेत.

पुढे वजन वाढलं, खातं बदललं नाही. 8 डिसेंबर 2011 ला आमच्याच होळकर स्टेडियमवर सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध 219 धावा काढल्या. तिकीट मिळालं नव्हतं. टीव्हीवर तरी बघू म्हटलं, तर नेमका डिशचा एक नट घसरलेला. मी गच्चीवर डिश धरून उभा. दोनशेवी धाव झाली तेव्हा आधी शहरात फटाके वाजले, मग काही सेकंदांनी खाली आमच्या हॉलमध्ये आरडाओरडा झाला. स्टेडियमपासून काही मिनिटांच्या अंतरावर राहून आम्ही तो क्षण अंतराळातून मागवत होतो, त्यामुळे उशीर व्हायचाच. मला तो दोन्हींकडून ऐकू आला. दिसला मात्र कुठूनच नाही.

तर गेल्या वर्षी दादा निवृत्त झाला आणि त्याने निर्णय घेतला. एक जुनी बारा सीटांची ट्रॅव्हलर मिनीबस घेतली, म्हणजे आपल्या पिथमपूरच्या कारखान्यातलीच लेक. सीटा काढून दोन पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि एक फोल्डिंग टेबल बसवलं. हे टेबल उघडलं की दार उघडत नाही. या घरगाडीतून सहकुटुंब नर्मदा परिक्रमा करायची, असा बेत. (आरटीओत या फेरफाराची मंजुरी घेताना काय झालं, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो मी दादाच्या हयातीत लिहिणार नाही.)

काकू, म्हणजे दादाची आई, एक्याऐंशीची. तिने सगळी गाडी फिरून पाहिली, पलंग दाबून पाहिला आणि विचारलं, "टीव्ही कुठेय?"

"काकू, आपण परिक्रमेला जातोय."

"मैया दिवसभर आहे. साडेसातला काय करायचं? टीव्ही नसेल तर मी नाही येऊन राहिले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं होतं, जेल रोडला जाऊ, एक छतरी, म्हणजे डिश, घेऊ, ठोकू गाडीवर. पण दादाचा मुलगा टेक्सासला असतो. तिकडे निवृत्त लोक घरगाड्या घेऊन महिनोन् महिने हिंडतात, त्यामुळे या विषयावर तिकडे अख्खं शास्त्र उभं आहे. पुतण्याने ते सगळं व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यानुसार तीन जाती आहेत. पहिली घुमटवाली. टपावर पांढरा घुमट, आत छोटी डिश आणि मोटारी. गाडी धावत असतानाही ती डिश उपग्रहावरची नजर हटू देत नाही. दादा एकदम खूष. पण घुमटात मावायची म्हणून डिश लहान, आणि लहान डिशचं पावसात लवकर अवसान गळतं. किंमत ऐकल्यावर वहिनी म्हणाल्या, "एवढ्यात आपण आईंना सहा महिने ओंकारेश्वरला टीव्हीवाल्या खोलीत ठेवू शकतो." घुमट रद्द.

दुसरी जात आपोआप उठणारी. गाडी उभी केली की बटण दाबायचं, टपावर निजलेली डिश उठते, गोल फिरते आणि आपला उपग्रह आपण शोधते. निघताना तिला आठवणीने झोपवायचं, नाहीतर पहिल्याच आंब्याच्या फांदीला ती नैवेद्य. आमचा दादा दर वेळी हँडब्रेक काढायला विसरतो. तरी मी चौकशी केली. पुतण्याने सुचवलेल्या यंत्राला तिकडचे उपग्रह तोंडपाठ: डायरेक्टीव्हीचा 101 अंश पश्चिमेला, डिश नेटवर्कचे 110, 119 आणि 129 ला. 101 अंश पश्चिम म्हणजे इंदूरच्या हिशेबाने जवळजवळ आपल्या पायांखाली, पृथ्वीच्या पलीकडे. ते यंत्र रामबागेत उठलं असतं आणि खाली वाकून नमस्कार करत बसलं असतं.

उरली तिसरी जात: साधी डिश, तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर. गाडी सावलीत, डिश उन्हात, मध्ये वायर. स्वस्त, आणि पन्नास वर्षांपासून घरात असलेल्या यंत्रणेला जोडता येणारी. यंत्रणा म्हणजे मी.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, जी दादाला अजून समजलेली नाही. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे 36,000 किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्याच चालीने फिरतात, म्हणून आपल्याला ते जागचे हलत नाहीत असं दिसतं. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला. तेव्हा हिंदुस्थानात डिशचं तोंड दक्षिणेकडेच हवं, थोडं इकडे किंवा तिकडे. आता परिक्रमेत मैया कायम उजव्या हाताला ठेवायची असते. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेकडे निघालं की नदी उत्तरेला, म्हणजे डिशची पाठ नदीकडे. काकूने हे पाचव्या मिनिटाला ओळखलं.

"म्हणजे अर्धी परिक्रमा आपण मैयाला पाठ दाखवायची?"

"आपण नाही काकू, डिश."

"डिश कोणाची आहे?"

याला उत्तर नव्हतं. उत्तर तटावरून परतताना डिश मैयाकडेच तोंड करून बसेल, तेव्हा सव्याज फिटंफाट होईल, अशी तडजोड निघाली.

मग कुठला उपग्रह, हा वाद. मी दूरदर्शनच्या फ्री डिशच्या बाजूचा. ती 2004 च्या डिसेंबरपासून चालू आहे, महिन्याचं भाडं नाही, उपग्रह जीसॅट-15, जागा 93.5 अंश पूर्व, वर सह्याद्री वाहिनी. पण काकूची मालिका खाजगी वाहिनीवर, आणि वहिनी पडल्या काकूच्या बाजूला. तेव्हा 83 अंशांवरच्या उपग्रहाची पैसेवाली जोडणी. त्या कंपनीचं नाव मी घेत नाही. त्यांच्या ग्राहकसेवेतल्या बाईंनी विचारलं, "सर, इंस्टॉलेशन का पता?"

"एमपी 09..."

"सर, वो तो गाड़ी का नंबर है."

"वही पता है."

मग बराच वेळ बासरी ऐकू आली. नंतर दुसऱ्या बाई आल्या, त्यांनीही पत्ताच विचारला. शेवटी रामबागेचा पत्ता दिला आणि बसवायला येणाऱ्या मुलाला गल्लीतच गाठायचं ठरवलं.

तो येण्याआधी मी दोन संध्याकाळी खर्चून गणित केलं. इंदूरचा अक्षांश 22.7, रेखांश 75.9. उपग्रह 83 ला. म्हणजे तोंड 162 अंशांवर, दक्षिणेच्या किंचित पूर्वेला, आणि क्षितिजापासून 62 अंश वर. होकायंत्र घेतलं, गाडीशेजारी उभा राहिलो, तर दक्षिण सूर्य उगवतो त्या बाजूला निघाली. दक्षिण आमच्या आजोबांपासून तिकडे कधीच नव्हती. गाडीच्या पत्र्याने सुई फिरवली होती. दहा पावलं लांब गेलो तेव्हा ती शुद्धीवर आली. शिवाय ही डिश तिरकस बुद्धीची: ती बघते वर आणि दिसते समोर बघणारी. लग्नात जेवणाच्या पंगतीकडे लक्ष ठेवून आपल्याशी बोलणाऱ्या पाहुण्यासारखी.

मुलगा आला. वय वीस, खिशात पाना, होकायंत्र नाही. त्याने मान वर करून आजूबाजूच्या गच्च्यांवर नजर फिरवली.

"भिया, सबकी छतरी जिधर, अपनी भी उधर."

पाच मिनिटांत डिश उभी. माझा 162 अंशांचा कागद मी खिशातच ठेवला.

पण टीव्हीवर चित्र नाही. पडद्यावर दोन पट्ट्या. वरची ताकद, खालची गुणवत्ता. ताकद 86. दादाने टाळ्या वाजवल्या. गुणवत्ता 0. मुलाने समजावलं, ताकदीला काही अर्थ नसतो. डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणारं ते डबडं, एलएनबी असतं, त्याला वीज मिळाली की ताकद दिसते, मग समोर उपग्रह असो की भिंत. खरी गोष्ट खालची पट्टी. मला आमच्या कॉलनीच्या कार्यकारिणीतली दोन-तीन माणसं लख्ख डोळ्यांपुढे आली.

दोष कडुलिंबाचा होता. गाडी दादाने त्याच्या सावलीत लावलेली आणि तिकाटणंही तिथेच. पानांतून हा सिग्नल येत नाही, ओल्या पानांतून तर नाहीच. म्हणजे माणसाला सावली हवी आणि डिशला ऊन, आणि वायर होती सात मीटर. वायर वाढवली, तिकाटणं गल्लीच्या मध्यावर नेलं, त्याच्या पोटाशी वाऱ्यात हलू नये म्हणून वहिनींनी पाच किलो बटाट्यांची पिशवी लटकवली. गुणवत्ता 74. काकूची मालिका लागली. गल्लीतल्या सहा स्कूटर थांबल्या.

त्या रात्री दादाने गाडीच्याच बॅटरीवर टीव्ही अडीच तास चालवला. सकाळी गाडी सुरू झाली नाही. ढकलणारे मी आणि तेच स्कूटरवाले. त्यांना नंतर पोहे-जलेबी.

परिक्रमेआधी एक चाचणी म्हणून आम्ही महेश्वरला गेलो, महूवरून जाम दरवाजाने खाली उतरून. घाट उतरताना मोबाइलचे दांडे एकेक करून गळाले, तेव्हा दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ते काढून ठेवलेत. पण जागा झकास मिळाली. महेश्वर उत्तर तटावर. घाटापासून थोडं वर नदीकाठी मोकळं मैदान, समोर दक्षिणेला सगळी नदी, एक झाड नाही, एक भिंत नाही. डिश मैयाकडे तोंड करून. काकूने डिशला हळद-कुंकू लावलं. कुठे लावायचं हे मला विचारून लावलं, एवढी ती समजूतदार आहे.

एका झटक्यात गुणवत्ता 81. मी आयुष्यात प्रथमच काम संपवून आत जाऊन बसलो. भारताची फलंदाजी चालू होती, साडेसातला वेळ होता, वहिनी शेगडीवर काहीतरी परतत होत्या आणि माझ्या हातात चहा होता. तीन चेंडू पाहिले. तीनही निर्धाव, पण पाहिले.

चौथ्याला चित्राचे चौकोन झाले. पाचव्याला काळं.

बाहेर आलो. नदीवरून वारा सुटला होता आणि तिकाटणं एका पायावर डोलत होतं. पोटाशी पिशवी नव्हती.

"वहिनी, बटाटे?"

"रस्सा केला," आतून आवाज आला.

मैदानात दगड शोधला. नदीकाठी दगड नाही, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं, पण खरोखर नव्हता, सगळी माती. मी तिकाटण्याचे दोन पाय दोन हातांनी धरले आणि तिसऱ्यावर पाय ठेवला. अंधार पडायला लागला होता. समोरून एक नाव चालली होती, नाववाला थांबून बराच वेळ माझ्याकडे आणि डिशकडे बघत राहिला.

"भिया, इससे मछली पकड़ते हैं क्या?"

मी काही बोललो नाही. आतून दादाचा आवाज येत होता, "आलं... आलं..." आणि मग एकदम ओरडा. चौकार होता, की कोणी बाद झाला, की साडेसात वाजून काकूच्या मालिकेत कोणाचं तरी लग्न मोडलं, काही कळेना.

"दादा, काय झालं रे?"

"हलू नकोस!"