एका टाइमआउटला चार घरं कशाला?

काल रात्री साडेअकराला फोन आला, पेमेंट अडकतायत. पेमेंट गेटवे (पैशांचे व्यवहार पार पाडणारी सेवा) हळू झाला होता आणि आमची सर्व्हिस एकेका कॉलसाठी ३० सेकंद ताटकळत होती, त्यामुळे सगळे थ्रेड (एकेक काम उरकणारे प्रोग्रॅमचे हात) अडकून पडले. टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची तो आकडा, ३० वरून ५ सेकंदांवर आणला की काम झालं. एक आकडा बदलायचा होता हो, एक! त्याला पहाटेचे साडेतीन वाजले. डोकं अजून तापलेलंच आहे.

आधी सेटिंग्जच्या यामल फाइलमध्ये बदललं. बिल्ड, डिप्लॉय (नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवणं), वीस मिनिटं गेली, फरक शून्य. मग दिसलं की शेजारीच जुनी प्रॉपर्टीज फाइल पडलीय, त्यात तेच सेटिंग. स्प्रिंग बूटमध्ये (आमची सर्व्हिस ज्यावर बांधलीय ते जावा फ्रेमवर्क) एकाच जागी दोन्ही असल्या की प्रॉपर्टीजचं चालतं, यामलचं नाही. अरे, यामलवर आलात तेव्हाच जुनी फाइल उडवायला काय झालं होतं?

ती बदलली, तरी ३०. कारण कुबरनेटीसच्या (सर्व्हरवर ॲप चालवणारी यंत्रणा) कॉन्फिगमॅपमधून, म्हणजे तिच्या सेटिंग्जच्या यादीतून, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ॲपला बाहेरून दिलेलं सेटिंग) येत होतं आणि ते दोन्ही फाइलींच्या वरचढ. तिथे बदललं. तरी ३०! असं दिलेलं व्हेरिएबल चालू पॉडपर्यंत (ॲपची चालती प्रत) पोहोचतच नाही, पॉड नव्याने उठवावा लागतो. उठवला. तरीही ३०.

रात्रीचे दोन वाजले होते. तिकडे लोकांचे पैसे अधांतरी, आणि आम्ही कोडमध्ये शोधतोय की हा आकडा येतोय तरी कुठून. शेवटी सापडलं: डेटाबेसमध्ये सेटिंग्जचं एक टेबल आहे. ॲप सुरू होताना ते वाचलं जातं आणि बाकी सगळ्यांच्या डोक्यावर बसतं. कुणी केलं, कधी केलं, कुठेही एक ओळ लिहिलेली नाही. कॉलमचं नाव नुसतं ‘व्हॅल्यू’. प्रॉपर्टीजमध्ये ३००००, इथे ३०. सोबतच्या पोराने बाकीच्या जागा बघून साहजिकच ५००० टाकलं. पण टेबलातल्या आकड्याला कोडमध्ये हजाराने गुणलंय! म्हणजे टाइमआउट झाला ५००० सेकंद, जवळजवळ ८३ मिनिटं. होते नव्हते ते थ्रेडही गेले. त्या पोराचा काय दोष? मिलिसेकंद की सेकंद, एवढं कॉलमच्या नावात लिहायला किती वेळ लागतो?

सेटिंग चार ठिकाणी ठेवायची सोय आहे, याला माझी हरकत नाही. सर्व्हरनुसार बदलणारं एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा, हेरोकूवाले (ॲप्सना होस्टिंग देणारी कंपनी) २०११ पासून तेच सांगतायत. बिझनेसवाल्यांना डिप्लॉय न करता बदलायचंय ते डेटाबेसमध्ये. पासवर्ड व्हॉल्टमध्ये, म्हणजे गुपितांच्या तिजोरीत. (आणि कुबरनेटीसच्या सीक्रेटमध्ये टाकलं म्हणजे कुलूप लागलं असं समजू नका. ते मुळात नुसतं बेस६४ असतं, म्हणजे फक्त वेगळ्या अक्षरांत लिहिलेलं, कुणीही उलगडून वाचेल.) पण एक सेटिंग एकाच जागी राहू दे ना! चारही जागी त्याची पिल्लं सोडायची, कोण कोणावर मात करतं ते सांगायचं नाही, आणि निस्तरायचं कोणी, तर ज्याची ऑन-कॉल पाळी (रात्री-अपरात्री फोन घ्यायची) असेल त्याने.

बरं, कोणत्या सेटिंगचा आकडा कुठून आला हे दाखवणारा ॲक्च्युएटरचा (ॲपच्या आतली माहिती देणारा भाग) एन्व्ह एंडपॉइंट (विचारलं की माहिती देणारा पत्ता) स्प्रिंग बूटमध्ये तयार मिळतो. आमच्याकडे तो बंद. सिक्युरिटीसाठी म्हणे. मग बाहेरून बंद ठेवा आणि आतल्या लोकांना द्या. नाहीतर ॲप सुरू होताना लॉगमध्ये एक ओळ छापा: टाइमआउट अमुक, आला डेटाबेसमधून. ही एक ओळ असती तर मी बारा वाजता झोपलो असतो.

सकाळच्या कॉलवर हे सगळं सांगितलं. उत्तर मिळालं, “आता चालतंय ना? मग हात नको लावूस.” यावर काय बोलायचं?

प्रॉपर्टीज फाइल मी दुपारीच काढून टाकली. टेबलातली ती ओळ कोणाची, हे सकाळपासून विचारतोय. अजून एकानेही ‘माझी’ म्हटलेलं नाही.