‘गाव कुठलं?’ विचारावं की नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुजबी बोलण्यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही ‘एक मितभाषी’ या नावाने लिहिलंत. पहिल्यांदा वाचून राग आला, म्हणून उत्तराला दोन दिवस घेतले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हवापाण्याच्या गप्पा म्हणजे कामापुरती लाडीगोडी. सुखी माणसं असलं बोलणं कमी करतात, हे संशोधनानेही दाखवलंय. आणि ‘ओळख नसेल तर गाव विचारा’ हा माझा सल्ला म्हणजे जात विचारायची सभ्य पद्धत आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे माझं चुकलंय.

आमच्या बँकेत एक मुलगी नव्याने रुजू झाली होती. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्या आपुलकीने विचारलं, “हे आडनाव कुठल्या बाजूचं गं?” तिने जिल्हा सांगितला. मी तालुका विचारला. तोही सांगितला, पण डब्याला झाकण लावत. अर्धी भाकरी आत तशीच होती. दुसऱ्या दिवसापासून आमचं सगळ्यांचं उरकल्यावर ती जेवायला येऊ लागली. ‘शिष्ट दिसते’ असं मनात म्हणून मी मोकळी झाले. मला खरंच नुसतं गाव हवं होतं हो. पण तोच प्रश्न तिला आधी किती जणांनी, कशासाठी विचारला असेल, हा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. का आली नव्हती, ते तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा मान्य. आडनाव, मूळ गाव, आणि ‘तुमच्यात’ने सुरू होणारा कुठलाही प्रश्न पहिल्या भेटीत नको. ‘डब्यात काय आणलंय?’ हाही वाटतो तितका साधा नाही. दोघांच्याही समोर जे आहे त्यावर बोलावं. उशिरा आलेली बस, हॉलमधला भलताच गार एसी, आज बंद पडलेलं सर्व्हर. समोरच्याने स्वतःहून गाव काढलं तर मग पोटभर बोला की.

आता लाडीगोडी. इथे मात्र मी भांडणार आहे.

मी डोंबिवलीत वाढले. 1998 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत बदली झाली. काउंटरला कुणी आलं की मी म्हणायची, “बोला, काय काम?” डोंबिवलीत यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं, मागे रांग असते, बोलायला वेळ कुणाला. तिथे लोक माझा काउंटर रिकामा असला तरी शेजारी जाऊन उभे राहायचे. शेवटी शेजारचे कॅशियरच म्हणाले, “मॅडम, आधी तोड आली का विचारा, मग पासबुक मागा.”

तोड म्हणजे ऊसतोड. कारखान्याची टोळी आपल्या फडात कधी येणार, यावर तिकडच्या घरांचं वर्षाचं गणित असतं. मी पाठ केलेल्या धड्यासारखं एका आजोबांना विचारलं, “काय, तोड आली का?”

“कुठली तोड! तुरा आलाय.”

मला तुरा माहीत तो फेट्याचा. त्यांनी पैसे काढायची स्लिप उलटी केली आणि काउंटरला दोऱ्याने बांधलेल्या पेनाने तिच्यावर ऊस काढला. वर शेंड्याला तुरा फुटला की वाढ थांबते. त्यानंतरही तोड लांबली तर ऊस आतून पोकळ पडत जातो आणि वजन घटतं, हे त्यांनी कांड्यांवर रेघा मारत दाखवलं. त्यांच्या पीककर्जाचा हप्ता का अडणार, हे मला कर्जाच्या फायलीत दिसलं नव्हतं, ते त्या स्लिपवर दिसलं. यात मतलब होता का? होता. मला वसुलीची काळजी, त्यांना मुदतवाढ हवी. पण म्हणून ती विचारपूस खोटी होती, असं मला अजूनही म्हणता येत नाही. पुढच्या हंगामात मी न शिकवता विचारत होते.

संशोधनाचं म्हणाल तर तुम्ही अर्धंच वाचलंय. 2010 मध्ये अमेरिकेतल्या 79 विद्यार्थ्यांच्या अंगावर चार दिवस छोटा रेकॉर्डर लावून तो अभ्यास केला होता, आणि अधिक समाधानी मुलं वरवरचं कमी नि गंभीर जास्त बोलतात, असं त्यात दिसलं. 2018 मध्ये 486 जणांवर तेच पुन्हा तपासलं. गंभीर बोलण्याचा आणि समाधानाचा संबंध टिकला. जुजबी बोलण्याने समाधान घटतं, हे मात्र टिकलं नाही. उलट 2014 च्या एका अभ्यासात शिकागोच्या लोकल प्रवाशांना वाटत होतं, अनोळखी माणसाशी बोललो तर प्रवास कमी सुखाचा होईल. ज्यांना बोलायला लावलं, त्यांना तो जास्त आवडला. (अर्थात त्यांना बसायला जागा होती. आमच्या 8.12 ला शेजारणीचं कोपर बरगडीत असताना असा अभ्यास कुणी करावा!) आणि मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 मध्येच लिहून ठेवलंय की असं बोलणं माहिती द्यायला नसतंच, नातं राखायला असतं. ‘जेवण झालं का?’ विचारणारा तुमच्यासाठी ताट वाढून बसलेला नसतो.

राहिला तुमचा स्वभाव. तो बदला, असं मी कुठेच म्हटलं नव्हतं. मीसुद्धा लग्नात कोपऱ्यातली खुर्ची शोधणारीच आहे. मितभाषी माणसाला सुरुवात जमत नाही असं आपण समजतो. माझ्या अनुभवात त्याला शेवट जमत नाही. एकदा बोलायला लागलो तर सुटका कशी होणार, या धास्तीने तो तोंडच उघडत नाही. आणि शेवट करायला मराठीत किती सोयी आहेत पाहा: “बरं, चालू द्या तुमचं.” “चला, येते हां.” “बघते जरा, आत काय चाललंय.” यांचा राग कुणाला येत नाही. हे हाताशी असलं की दोन मिनिटांचं बोलणं दोन मिनिटांतच संपतं.

आणखी एक. “प्रवास कसा झाला?” याला “बरा” एवढंच उत्तर दिलं की समोरच्याच्या हाती काही लागत नाही. “बरा, पण कर्जतला अर्धा तास गाडी उभी होती” म्हणा. पुढचं तो बघून घेईल.

लेखातला गाव विचारण्याचा परिच्छेद आज बदललाय. जुनं वाक्य पुसलेलं नाही, त्यावर फक्त आडवी रेघ मारली आहे. नाहीतर तुमची प्रतिक्रिया कशावर आहे, ते पुढे वाचणाऱ्यांना कळायचं नाही.