प्रॉटेस्टंटांनी कला मारली? एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

युरोपच्या इतिहासाबद्दल एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: इटलीत मानवतावाद, म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिन ग्रंथांकडे वळणारी विद्येची चळवळ, फुलला, मायकेलअँजेलो आणि राफाएल घडले; मग पोपविरुद्ध उभा राहिलेला प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक, जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आला. त्याच्या माणसांनी मूर्ती फोडल्या, चित्रं जाळली, चर्चच्या भिंतींना चुना फासला. त्यात मानवतावादही गेला आणि उत्तर युरोपातली कलाही मेली. पुढे डच लोकांनी काढली ती नुसती फळांची आणि व्यापाऱ्यांची चित्रं, त्यांचा धर्माशी संबंध नाही. कॅथलिक देशांत मात्र कलावंत मोकळा राहिला.

यातला विध्वंस खरा आहे, आणि त्याची सारवासारव मला करायची नाही. १५२९ च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये जमावाने चर्चमधली चित्रं आणि मूर्ती बाहेर काढून जाळल्या. १५६६ च्या ऑगस्टमध्ये फ्लँडर्समधून सुरू झालेली तोडफोड दहा-बारा दिवसांत अँटवर्पला पोचली. गेंटच्या जगप्रसिद्ध वेदीचित्राचे फलक वेळेवर चर्चच्या मनोऱ्यात लपवले म्हणून वाचले. इंग्लंडमध्ये बंद केलेल्या मठांबरोबर किती रंगीत काचा, किती कोरीव लाकूडकाम आणि किती हस्तलिखितं गेली याची मोजदाद होणार नाही. हे नुकसान कायमचं आहे. पण एवढ्यावरून बाकीची विधानं सिद्ध होत नाहीत.

पहिलं विधान: मूर्ती ल्यूथरने फोडायला लावल्या. घडलं ते उलट. १५२२ च्या सुरुवातीला ल्यूथर पोप आणि सम्राटाचा रोष ओढवल्यामुळे वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिला होता. इकडे त्याच्या गावी, विटेनबर्गमध्ये, त्याचाच सहकारी कार्लश्टाट याने प्रतिमा हटवण्याचा पुकारा केला आणि गावात गोंधळ माजला. ल्यूथर जिवाची जोखीम पत्करून परतला आणि मार्चमध्ये त्याने लागोपाठ आठ प्रवचनं दिली. प्रतिमांबद्दल त्याचं म्हणणं साधं होतं: लोक सूर्य-चंद्राचीही पूजा करतात, म्हणून आपण त्यांना आभाळातून खाली ओढायचं का? तीन वर्षांनी त्याने यापुढचा मुद्दा मांडला. ख्रिस्ताची कथा ऐकताना क्रुसावर टांगलेल्या माणसाचं चित्र माझ्या मनात आपोआप उमटतं. ते मनात असणं पाप नाही, तर डोळ्यांसमोर असणं पाप कसं? प्रतिमेच्या बाजूने इतका नेमका युक्तिवाद त्या काळात फार थोड्या धर्मशास्त्र्यांनी केला असेल.

त्याचे परिणाम आजही पाहायला मिळतात. न्युरेम्बर्ग शहर १५२५ मध्ये ल्यूथरच्या बाजूला गेलं, पण तिथल्या सेंट लॉरेन्झ चर्चमध्ये फाइट श्टॉसने कोरलेलं मेरी आणि देवदूताचं प्रचंड लाकडी शिल्प छताखाली टांगलेलंच राहिलं. लोकांनी त्याला कापडाने झाकलं, फोडलं नाही. सेंट सेबाल्डस चर्चमध्ये तर पेटर फिशरने घडवलेल्या पितळी समाधीत संताच्या अस्थी अजून आहेत, आणि ते चर्च ल्यूथरपंथी आहे. मध्ययुगातल्या जर्मन वेद्या मोठ्या संख्येने वाचल्या त्या अशाच ल्यूथरपंथी गावांत.

विटेनबर्गच्या सिटी चर्चमध्ये तर नवं वेदीचित्र बसवलं गेलं, १५४७ मध्ये. ते चित्रकार लुकास क्रानाखच्या कार्यशाळेचं. हा क्रानाख ल्यूथरच्या लग्नाचा साक्षीदार, गावाचा महापौर, औषधांच्या दुकानाचा मालक आणि बायबल छापण्यातला भागीदार. त्याचं हे चित्र नीट बघा. मधल्या फलकावर शेवटचं भोजन आहे, पण टेबल गोल आहे आणि शिष्यांत ल्यूथर स्वतः बसला आहे, किल्ल्यात लपला होता तेव्हाच्या दाढीसकट. डावीकडे ल्यूथरचा सहकारी विद्वान मेलांख्थोन बाळाला बाप्तिस्मा देतो आहे. प्रत्यक्षात त्याला पाळकाची दीक्षा कधीच मिळालेली नव्हती. उजवीकडे त्याच चर्चचा पाळक बुगेनहागेन हातात किल्ल्या घेऊन पापांची कबुली ऐकतो आहे. सगळ्यांत खालच्या लांबट फलकावर एक रिकामी दगडी खोली. एका टोकाला व्यासपीठावर ल्यूथर, एक हात उघड्या बायबलवर आणि दुसरा पुढे रोखलेला. दुसऱ्या टोकाला गावातली बायामाणसं, पोरंबाळं. मधल्या मोकळ्या जागेत क्रुसावरचा ख्रिस्त. तिथे जमलेले लोक तो ऐकताहेत आणि म्हणून त्यांना तो दिसतो आहे, मनातल्या चित्राचा तोच मुद्दा क्रानाखने रंगात मांडला आहे. गावकऱ्यांना वेदीवर संतांच्या रांगेऐवजी ओळखीचे चेहरे दिसले. कला मेली असती तर इतका धीट विचार वेदीवर आला नसता.

झ्विंग्ली आणि कॅल्विन या दुसऱ्या सुधारकांच्या झुरिच आणि जिनिव्हा यांची गोष्ट वेगळी, आणि तो फरक हा मजकूर गिळून टाकतो. झ्विंग्लीच्या झुरिचमध्ये १५२४ साली नगरपरिषदेच्या हुकुमाने, कारागीर लावून, बंद दारांआड चर्च रिकामी केली गेली. ज्या घराण्यांनी मूर्ती दान दिल्या होत्या त्यांना त्या परत नेण्याची मुभा होती. कॅल्विनपंथीयांची भूमिकाही कडक होती. तरीही हॉलंडमधलं गौडा शहर १५७३ नंतर सुधारणावाद्यांकडे असताना तिथल्या सेंट जॉन चर्चच्या जुन्या कॅथलिक काचखिडक्या जागेवर राहिल्या, आणि १५९४ पासून काही वर्षांत नव्या खिडक्या त्यांच्याच शेजारी बसवल्या गेल्या. त्यांतली एक विवेकस्वातंत्र्यावर आहे. ज्यांनी कला मारली म्हणतात, त्यांनीच एवढ्या महाग काचा करवून घेतल्या.

दुसरं विधान: ल्यूथरपासून सुरू झालेल्या धर्मसुधारणेने मानवतावाद चिरडला. मानवतावादाशिवाय ल्यूथरचं जर्मन बायबल झालंच नसतं. 'मूळ ग्रंथाकडे चला' हा मानवतावाद्यांचा आग्रह. त्यातून डच विद्वान इरॅस्मसने १५१६ मध्ये बाझेलला ग्रीक नवा करार छापला आणि त्याच्या दुसऱ्या आवृत्तीवरून ल्यूथरने १५२२ मध्ये जर्मन भाषांतर केलं. त्या पहिल्या छापील आवृत्तीत क्रानाखच्या कार्यशाळेची लाकडी ठशांची एकवीस चित्रं आहेत. विटेनबर्गला ग्रीक शिकवायला १५१८ मध्ये आलेला मेलांख्थोन तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि पुढे जर्मनीतल्या शाळांची घडी त्यानेच बसवली. इरॅस्मस आणि ल्यूथर यांचं इच्छास्वातंत्र्यावरून १५२४-२५ मध्ये कडाक्याचं भांडण झालं, हे खरं. बाझेलमध्ये कला गारठली आहे, असं इरॅस्मसने १५२६ मध्ये चित्रकार होल्बाइनची शिफारस करताना लिहिलं, हेही खरं. पण भांडण झालं ते एकाच ग्रंथावर पोसलेल्या दोन माणसांत.

न्युरेम्बर्गचा चित्रकार ड्यूरर याचं उदाहरण तर या दाव्याच्या मुळावरच येतं. १५२६ मध्ये त्याने इरॅस्मस आणि मेलांख्थोन या दोघांचीही व्यक्तिचित्रं तांब्यावर कोरली. त्याच वर्षी त्याने दोन मीटरहून उंच असे दोन फलक रंगवून न्युरेम्बर्गच्या नगरपरिषदेला भेट दिले. डावीकडे योहान आणि पेत्र, उजवीकडे पौल आणि मार्क. योहानाच्या हातात त्याचं शुभवर्तमान उघडलेलं आहे, आणि किल्ली धरलेला पेत्र मागून मान वाकवून तेच वाचतो आहे. पोपचा मान ज्याच्या नावावर उभा आहे तो पेत्र इथे वाचक झाला. खाली ल्यूथरच्या भाषांतरातली वचनं सुंदर अक्षरांत लिहून घेतलेली, राज्यकर्त्यांना खोट्या संदेष्ट्यांपासून सावध करणारी. १६२७ मध्ये बव्हेरियाच्या कॅथलिक माक्सिमिलियनने हे फलक म्युनिकला नेले तेव्हा खालच्या अक्षरांच्या पट्ट्या करवतीने कापून न्युरेम्बर्गला परत पाठवल्या. चित्र आणि अक्षरं पुन्हा जोडायला १९२२ साल उजाडलं.

डच चित्रांचा धर्माशी संबंध नव्हता, हे तिसरं. चर्चकडून कामं बंद झाल्यावर चित्रकार बाजारावर जगू लागले, चित्रं घरोघर गेली, आणि फेर्मेर किंवा यान स्टेन यांच्यासारखे काही मोठे चित्रकार कॅथलिकच होते. हे सगळं मान्य. पण डच चित्रकार साएनरेडामने आयुष्य घालवलं ते ज्या चुना दिलेल्या चर्चचा हा मजकूर शोक करतो त्यांचीच चित्रं काढण्यात. आधी मोजमापं, मग रेखाटन, मग वर्षांनंतर रंग. पांढऱ्या भिंतीवरून उजेड कसा सरकतो हे त्याच्याइतकं कोणी पाहिलं नसेल. आणि रेम्ब्रांटने १६४१ मध्ये मेनोनाइट या प्रॉटेस्टंट पंथाचा उपदेशक आन्सलो आणि त्याची बायको यांना रंगवलं, त्यात टेबलावर जाड ग्रंथांचा ढीग आहे, आन्सलोचा हात बोलता बोलता पुढे आला आहे आणि बायको ऐकते आहे. बोलण्याचं चित्र काढायची गरज वाटावी, हे प्रवचनाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या समाजातच घडतं.

संगीताचा तर या मजकुरात उल्लेखच नाही, आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी चूक आहे. १५२४ मध्ये योहान वाल्टरचं गीतपुस्तक विटेनबर्गला आलं आणि मंडळी स्वतःच्या भाषेत गाऊ लागली. कॅल्विनपंथी उपासनेत ऑर्गनला जागा नव्हती, पण आम्स्टरडॅमच्या जुन्या चर्चमधला ऑर्गनवादक स्वेलिंक शहराच्या पगारावर उपासनेआधी आणि नंतर वाजवायचा. त्याचा शिष्य शायडेमान, त्याचा शिष्य राइनकेन, आणि राइनकेनला ऐकायला तरुण बाख हॅम्बर्गला जायचा. लाइपझिगमध्ये १७२७ ला बाखने मत्तयाच्या शुभवर्तमानावरची पॅशन, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखभोगाची संगीतरचना, सादर केली. तिच्यात पुन्हा पुन्हा येणारी सुरावट मुळात हास्लर या संगीतकाराच्या प्रेमगीताची आहे. मंडळीने आपल्याच बोलीत आणि चालीत गावं ही परंपरा आपल्याकडेही आली: १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांची भजनं मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये अजून गायली जातात.

राहिलं कॅथलिक देशांतल्या मोकळ्या कलावंताचं. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने चर्चमधल्या चित्रांवर बिशपांची देखरेख बसवली. त्यानंतर सिस्टिन चॅपेलमधल्या मायकेलअँजेलोच्या नग्न आकृत्यांना दुसऱ्याच चित्रकाराकडून वस्त्रं चढवून घेतली गेली. १५७३ मध्ये व्हेनिसच्या धर्मन्यायालयाने व्हेरोनेसेला बोलावून विचारलं, शेवटच्या भोजनात विदूषक आणि जर्मन शिपाई कशासाठी? तीन महिन्यांत स्वखर्चाने दुरुस्ती करण्याचा हुकूम झाला. व्हेरोनेसेने चित्र जवळजवळ तसंच ठेवून त्याचं नाव 'लेवीच्या घरची मेजवानी' असं बदललं, आणि आज व्हेनिसच्या अकादमीत ते त्याच नावाने टांगलेलं आहे.