सायकल दिली, आता मागे बघायलाही शिकवूया

जानेवारी आला की रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम सुरू होतात. निबंध, चित्रकला, घोषणा, प्रभातफेरी. मुलं लाल-पिवळा-हिरवा दिवा सुंदर रंगवतात. पण आमच्या मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांच्या घरापासून शाळेपर्यंत एकही सिग्नल नसतो. त्यांच्या वाटेवर असतात उसाच्या डबल ट्रॉल्या, वाळूचे हायवा ट्रक, भरधाव काळीपिवळी जीप आणि साइडपट्टी खचलेला सिमेंटचा रस्ता. यातून सायकल कशी काढायची, हे कुठल्याच चित्रात नसतं.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. सायकल सुरक्षा हा भाषणाचा विषय नाही, पोहण्यासारखा अंगवळणी पाडायचा विषय आहे, असं माझं ठाम मत आहे. शाळेनं तो मैदानावर शिकवावा आणि नंतर खऱ्या रस्त्यावर नेऊन पक्का करून घ्यावा.

मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या २३ जिल्ह्यांतले १२५ तालुके येतात. तिथल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. ही योजना मला फार मोलाची वाटते. एसटीची वेळ जुळत नाही म्हणून घरी बसल्या असत्या अशा पोरी त्या सायकलीमुळे दहावीपर्यंत पोचतात. म्हणूनच एक गोष्ट मनाला लागते. सायकल हातात येते, फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी थेट राज्यमार्गावर असते. शेताच्या बांधावर, गल्लीत, भावाच्या मोठ्या सायकलीवर ती तोल सांभाळायला शिकलेली असते. रस्ता तिला कुणी शिकवलेला नसतो.

नेमकं काय शिकवायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सगळ्यात आधी, मागे बघायला. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. मैदानावर फक्कीची सरळ रेघ मारा, मुलांना तिच्यावरून सायकल चालवायला सांगा, आणि मागे उभं राहून हाताची बोटं वर करा. मुलानं न थांबता उजव्या खांद्यावरून मागे बघून किती बोटं आहेत ते सांगायचं. पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येकाचं हँडल मानेबरोबर उजवीकडे वळतं आणि सायकल रेघ सोडते. मैदानावर काही बिघडत नाही. रस्त्यावर मात्र उजवीकडे म्हणजे मागून येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात. पुन्हापुन्हा करून घेतलं की खांदा सैल होतो, मान एकटी वळते आणि हँडल सरळ राहतं. मग त्याच रेघेवर एक हात सोडून इशारा द्यायचा सराव. वळताना हात दाखवा असं आपण सांगून मोकळे होतो, पण एका हातानं सायकल सरळ चालवता येत नसेल तर मूल हात दाखवणार कसं?

दुसरी गोष्ट ट्रॉलीची. ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाही, ती आत कापत येते. डावीकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला जी मोकळी जागा दिसते, ती काही क्षणांत नाहीशी होते. ड्रायव्हरलाही तिथली सायकल दिसत नाही. हे फळ्यावर पटत नाही. गावातलाच एखादा ट्रॅक्टर मैदानावर आणा, जमिनीवर फक्की टाका, सावकाश वळवा आणि चाकं कुठून गेली ते मुलांना बघू द्या. मग ट्रॅक्टर बंद करून एकेका मुलाला ड्रायव्हरच्या जागी बसवा आणि मागच्या ट्रॉलीच्या डाव्या बाजूला उभा असलेला मित्र दिसतो का ते विचारा.

तिसरी, खचलेली साइडपट्टी. चाक खाली उतरलं की मुलं घाईघाईनं तिरकं वर चढवायला जातात. सिमेंटच्या कडेला टायर घासतो, हँडल अडकतं आणि मूल रस्त्याच्या आत पडतं. थांबायचं, उतरायचं, सायकल उचलून वर ठेवायची.

बाकीचं पटकन होण्यासारखं आहे. निघताना हवा, ब्रेक, चेन बघणं. ब्रेकची रबरं झिजली की बदलणं. दप्तर हँडलला न लटकवता कॅरियरला बांधणं, ओढणीची टोकं मागे गाठ मारून खोचणं, मागून गाडी आली की गप्पा सोडून एका रांगेत येणं. आणि सीट! नवीन सायकलींच्या सीटवरून कितीतरी मुलींचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पाना घेऊन सीट खाली करायला दोन मिनिटं लागतात. हेल्मेट मिळालं तर जरूर घालावं, पण शिकवणं हेल्मेटपाशी संपू नये.

चूक तर गाडीवाल्यांची असते, मग ओझं लेकरांवर का, असं काही जण म्हणतात. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि हा आकडा मुलांना शहाणं करून खाली येणार नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेवर मुलं होती. तिथले आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांचे खून थांबवा म्हणाले, आणि रस्ते बदलायला भाग पाडलं. पण त्याच देशात दहा-बारा वर्षांच्या मुलांची वाहतुकीची परीक्षाही होते. लेखी होतेच, शिवाय बऱ्याच ठिकाणी मुलं अंगावर नंबर लावून गावातल्या खऱ्या रस्त्यावर सायकल चालवतात आणि ठिकठिकाणी उभी असलेली मोठी माणसं त्यांची वळणं, इशारे तपासतात. म्हणजे रस्त्याचं काम आणि मुलांचं शिक्षण दोन्ही चालू आहे. आपल्याकडे रस्ता ओलांडायची दुभाजकातली फट शाळेपासून दूर ठेवायची, सर्व्हिस रोड द्यायचा नाही, आणि मूल उलट्या बाजूनं आलं की त्याला बेशिस्त म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. रस्ता होताना शाळेसमोर फट कुठे हवी, हे ग्रामसभेत मोठ्यांनीच भांडून घ्यायला हवं.

मुख्याध्यापकांना भीती वाटते: मुलांना रस्त्यावर नेलं आणि काही झालं तर? भीती खरी आहे. पण तीच मुलं शाळा सुटल्यावर त्याच रस्त्यावर एकटी असतात. पालकांची लेखी परवानगी घ्या, सकाळची कमी रहदारीची वेळ निवडा, पोलीस ठाण्याला पत्र देऊन एक हवालदार मागवा, शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना वळणांवर उभं करा. शारीरिक शिक्षणाच्या चार-पाच तासिकांत मैदानावरचा भाग बसतो.

माझी मागणी साधी आहे. ज्या शाळेत सायकलींचं वाटप होईल, तिथे वाटपाच्या आठवड्यातच हा सराव सक्तीचा करावा, आणि त्यासाठी फक्की, पाना, पंप, ब्रेकची रबरं यांचा किरकोळ खर्च योजनेतूनच द्यावा. तुमच्या गावात वाटपाचा कार्यक्रम असेल तर पाहुण्यांच्या भाषणाच्या वेळेतला अर्धा तास मागून घ्या आणि तिथेच सगळ्या सीट बसवून द्या. मैदानावरची आखणी आणि सरावाचा क्रम मी लिहून ठेवला आहे. कुणा शिक्षकाला हवा असेल तर खाली सांगा, पाठवते.