मांजर, कोंबड्या आणि तुमचा राग

ताई, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. शेजारच्या बोक्याने तुमची दोन पिल्लं नेली आणि वर माझं "मांजर मोठ्या कोंबडीच्या वाटेला सहसा जात नाही" हे वाक्य वाचून तुमचं डोकं फिरलं, साहजिक आहे, पिल्लू गेलं की जीव तुटतोच. पण मी मांजरांची बाजू घेऊन लोकांना फसवतोय हे मला अजिबात मान्य नाही. मी लिहिलं ते वाढलेल्या कोंबडीबद्दल, तुमची गेली ती पिल्लं.

वजनाचाच हिशोब बघा ना. घरातलं मांजर साधारण 4-5 किलोचं, कोंबडी 2 किलोच्या आसपास, वर तिला चोच आहे, नख्या आहेत. मांजर एकटंच शिकार करतं, जखमी झालं तर उपाशी मरेल, म्हणून ते उंदीर, चिमणी, सरडा असलंच काहीतरी बघतं. आणि एका दिवसाचं पिल्लू असतं जेमतेम 40 ग्रॅमचं! ते तर बोका सोडणारच नाही. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने पिल्लं मोकळी सोडायचीच नाहीत, बुटक्या जातीच्या कोंबड्या असतील तर मोठ्या झाल्यावरही जपायचं. पिल्लांसोबत आई असेल तर गोष्ट वेगळी, ती पिसं फुलवून, पंख जमिनीला टेकवून अशी काही अंगावर धावून जाते की बोका मागच्या मागे पळतो. पण तीसुद्धा दिवसाच. अंधारात कोंबडीला धड दिसत नाही, दांडीवर बसली की जागची हलत नाही, म्हणून रात्री खुराडं बंद म्हणजे बंदच.

आता जाळी. तुम्ही लिहिलंय की जाळी होती तरी पिल्लं गेली. ती षटकोनी भोकांची पातळ जाळी असेल तर तिच्यातून पंजा सहज आत जातो, आणि पिल्लं नेमकी कडेला एकमेकांना चिकटून झोपतात. खालचे दोन फूट तरी 12 मिलिमीटरच्या चौकोनी भोकांची वेल्डेड जाळी लावा आणि वरूनही झाका, मांजर उडी मारून आत येतं. एखादं पिल्लू तोंडातून सुटलं तरी "वाचलं बाई" म्हणून सोडून देऊ नका, मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात, बारीकशा दातांच्या खुणेतूनही पक्षी दगावतो, लगेच डॉक्टरकडे न्या.

आणि बोक्याला विष घालायचं जे लिहिलंत ना, ते प्लीज करू नका, हात जोडून सांगतो. एक तर त्या मुक्या जीवाने त्याच्या स्वभावाप्रमाणे केलं, त्याला तडफडून मारायचं? शिवाय ते विष उंदीर खाणार, आणि मेलेला उंदीर कोंबड्या आवडीने टोचून खातात, म्हणजे तुमच्याच कोंबड्या जायच्या. बऱ्याचदा मांजर खुराड्याशी दबा धरून बसतं तेच मुळी सांडलेल्या दाण्यावर येणाऱ्या उंदरांसाठी. संध्याकाळी दाणा उचलून ठेवा, निम्मी वर्दळ कमी होईल.

अजून एक, तुम्ही बोक्याला पिल्लू नेताना बघितलंय की नुसता आसपास बघितलाय? घूस पिल्लू ओढून बिळात नेते, मागे काहीच उरत नाही. खुराड्याच्या कडेने माती उकरलेली आहे का, पिसं कुठे पडलीत, पिल्लं रात्री गेली का दिवसा, एवढं सांगा, मग जाळी जमिनीत किती खोल गाडायची ते बघू.