कॅमेऱ्याचं तोंड कुणाकडे?

गेल्या नोव्हेंबरातला एक शनिवार. ब्रिस्टलमध्ये साडेचारलाच अंधार पडला होता, गावाकडे रात्रीचे दहा वाजले होते. आमच्या गावच्या संगीत महोत्सवाचं लाईव्ह मी टीव्हीला जोडून बसलो होतो. (मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, आयोजकांत माझे वर्गमित्र आहेत.) बाईंनी बागेश्री राग लावला होता, विलंबित एकताल, एकेक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, जवळजवळ मिनिटभराचं. आलापी करत करत त्या समेकडे, म्हणजे फेऱ्याच्या पहिल्या मात्रेकडे, यायला लागल्या, तबलजींनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि नेमका तेव्हाच पडद्यावर पहिल्या रांगेतला सोफा आला. सोफ्यावर प्रमुख पाहुणे, हातात मोबाईल. सम आली. मंडपातून ‘वाह’ ऐकू आलं, पाहुण्यांनी दचकून मान हलवली. बाई परत दिसल्या तोवर पुढचं आवर्तन निम्मं सरलं होतं.

आवाज कॅमेऱ्यावरच्या माईकचाच. गाण्याच्या जोडीला जनरेटर, आणि मधूनच ‘इकडं दोन चहा द्या’.

आई मंडपात होती. रात्री फोन केला तर म्हणाली, “तुला बरं दिसायलं असंल की तिकडं. आमच्या म्होरं त्या कॅमेऱ्याचं टेबल मांडलंय. बाईचं नुसतं डोकं दिसायलंय मला.” म्हणजे मंडपातल्यांना कॅमेऱ्यामुळे दिसेना आणि कॅमेऱ्यातून आम्हाला दिसेना.

दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला, दरवर्षी पेटतो. एक बाजू म्हणते, लाईव्ह बंद करा, घरबसल्या दिसायला लागलं तर मंडपात कोण येणार? दुसरी म्हणते, पुण्यामुंबईला आणि परदेशात गेलेल्या पोरांनी काय करायचं? तिसरी बाजू शूटिंगवाल्यांची. त्यांचं म्हणणं, यंदा दोनच कॅमेरे होते, पुढच्या वर्षी ड्रोन आणि मोठी क्रेन घेऊ, मग बघा.

पहिल्या शंकेवर मला इथलं सांगता येतं. ब्रिस्टलपासून गाडीने तासाभराच्या आत पिल्टन गाव आहे. तिथल्या वर्दी फार्म या शेतावर ग्लास्टनबरी महोत्सव भरतो, दोन लाखांच्या आसपास माणूस जमतं. १९९४ पासून तो टीव्हीवर दिसतो. आधी चॅनल फोर दाखवायचं, १९९७ पासून बीबीसी दाखवते. २०२३ मध्ये एल्टन जॉन गायला तेव्हा घरी बसून बघणारे सत्तर लाखांच्या वर गेले होते. इतकी वर्षं घरबसल्या दिसूनही २०२५ ची तिकिटं सुमारे पस्तीस मिनिटांत संपली, आणि तिकीट पावणेचारशे पौंडांच्या घरात. टीव्हीमुळे माणूस त्या शेतातल्या चिखलात जायचा थांबत नाही. आमच्याकडे प्रवेश फुकट आहे, त्यामुळे तुलना सरळ नाही, हे मान्य. पण मंडपातल्या रिकाम्या खुर्च्यांचं खापर लाईव्हवर फोडण्याआधी सहाचा कार्यक्रम सत्कार उरकून साडेआठला सुरू होतो, त्याचाही हिशेब करावा.

ड्रोनचं मात्र मला पटत नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, उभी हयात ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या जागी उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या गाडीत, आवाज सांभाळण्यात गेली. प्रॉम्सचे, म्हणजे लंडनच्या उन्हाळी शास्त्रीय संगीत महोत्सवाचे, कार्यक्रम टीव्हीवर कसे जातात ते त्यांनी एकदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर चमचे मांडून मला दाखवलं. प्रॉम्स १८९५ पासूनचे, १९२७ मध्ये बीबीसीने चालवायला घेतले. सगळ्या मैफली रेडिओवर थेट जातात, टीव्हीवर काहीच. टीव्हीच्या दिग्दर्शकापुढे त्या रचनेची स्वरलिपी असते. कुठल्या ओळीला कुठला कॅमेरा, कुठे बासरी, कुठे नुसता वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरचा हात, हे त्याने आधीच खुणा करून ठेवलेलं असतं. व्हॅनमध्ये आणखी एक माणूस बसतो, त्याचं काम फक्त मोजत राहणं. तो आकडे पुकारतो आणि बासरी वाजायच्या अर्धा श्वास आधी बासरीवाला पडद्यावर येतो. आवाजाचंही वेगळं. सभागृहात स्पीकर लावून कार्यक्रम असेल तर मंचावरच्या माईकची वायर दोन ठिकाणी जाते, एक सभागृहाच्या स्पीकरना, दुसरी व्हॅनला. समोर बसलेल्याला लागणारा आवाज आणि घरी बसलेल्याला लागणारा आवाज एक नसतो, म्हणून मिक्सिंग दोनदा.

ख्यालाला अशी लिहिलेली स्वरलिपी कुठून आणणार, असं कुणी म्हणेल. पण ठेका तर आहे ना! आमच्या गावात तबला विशारदच्या परीक्षेला बसलेली दहा पोरं सहज सापडतील. त्यातलं एक कॅमेरे बदलणाऱ्याच्या शेजारी बसवा. त्याने ‘येतेय, येतेय, आता’ एवढंच म्हणायचं. त्याला ड्रोन लागत नाही, एक स्टूल लागतं.

खरं दुखणं वेगळंच आहे. आमचे शूटिंगवाले लग्नातून तयार झालेत, आणि त्या कामात ते पटाईत आहेत. लग्नात गाणं कोण ऐकतं? मामा, आत्या, फेटेवाले, सगळे पाहुणे सीडीत आले पाहिजेत, नाहीतर पैसे निघत नाहीत. महोत्सवातही ते तेच करतात, कारण बिल पाहुणेच भागवतात. इथे टीव्ही बघणारी घरं दरवर्षी लायसन्स फी भरतात (२०२५ मध्ये ती १७४ पौंड ५० पेन्स होती), बीबीसी त्यावर चालते, म्हणून कॅमेऱ्याचं तोंड मंचाकडे. पैसे जिकडून येतात तिकडची मर्जी कॅमेरा सांभाळतो. आमच्याकडे ते सोफ्यावरून येतात.

इथलं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. गाणं रंगात आलं की खांद्यावर बसलेली पोर दाखवायची खोड यांनाही आहे, आणि ग्लास्टनबरीत पुढच्यांचे झेंडे कॅमेऱ्याच्या आड येतात ते वेगळंच. जून २०२५ मध्ये तिथेच बॉब व्हिलन या बँडवाल्या जोडीने मंचावरून दिलेल्या इस्रायली लष्कराविरुद्धच्या घोषणा बीबीसीच्या थेट प्रक्षेपणातून जशाच्या तशा गेल्या, प्रक्षेपण तोडायला हवं होतं असं बीबीसीला नंतर म्हणावं लागलं. एवढी यंत्रणा असून बटणावर बोट गेलं नाही.

आम्हाला चांगली सवय नव्हती असं म्हणवत नाही. परभणी आकाशवाणीवर मैफल लागली की निवेदिका आधी राग सांगायची, ताल सांगायची, मग तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण. त्या शनिवारच्या लाईव्हमध्ये खालच्या पट्टीवर सात देणगीदारांची नावं फिरत होती. तबलजींचं नाव मला अजून माहीत नाही. मागे एलईडी भिंतीवर धबधबा वाहत होता. हिंदोळत्या बागेश्रीच्या मागे धबधबा! वेरूळ महोत्सव कैलास लेण्यापाशी व्हायचा तेव्हा गाण्यामागे दगड होता आणि काळोख होता, तो हलत नव्हता.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. एकाने उत्तर दिलं, ‘तिकडं बसून सांगणं सोपंय, साहेब.’ खरंच आहे. म्हणून मंचावरून वेगळी वायर ओढण्याचा खर्च आणि तबल्याच्या पोराचं मानधन पाठवून दिलं.

आठवड्याने वर्गमित्राचा फोन. पैसे पोचले, पोरगंही ठरवलं, पुढच्या वर्षी सगळं होईल. “फक्त तुझा एक फोटो धाड. कोट घातलेला. देणगीदार म्हणून एलईडीवर लावायचाय.”

मी नको म्हणणार होतो. आईला सांगितलं तर म्हणाली, “धाड की. टेबलाच्या वरून तेवढंच दिसायलंय मला.”